डीप रिम घ्यायची की साधी? रोड बाईकच्या चाकांचं गणित, आपल्या घाटांत आणि आपल्या वाऱ्यात

परवा साताऱ्याहून फोन आला, आमच्या ग्रुपमधला एक पोरगा, वजन जेमतेम ५५ किलो, रोज सकाळी कासच्या नाहीतर ठोसेघरच्या रस्त्याला सायकल घेऊन जाणारा. म्हणाला, "दादा, ५० एमएमचा कार्बन व्हीलसेट मिळतोय, सेकंडहँड आहे पण एकदम टकाटक, घेऊन टाकू का?" मी विचारलं, चाळकेवाडीला, त्या पवनचक्क्यांच्या पठारावर, किती वेळा जातोस? तर म्हणे दर रविवारी. मग म्हटलं थांब जरा, पैसे द्यायच्या आधी बोलूया. त्याला तासभर फोनवर जे सांगितलं तेच इथे नीट लिहून काढतोय, कारण हा प्रश्न दर महिन्याला कुणीतरी विचारतंच आणि उत्तरं मात्र "डीप म्हणजे फास्ट" किंवा "घाट असतील तर हलकी चाकं घे" एवढ्यावरच संपतात. दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत.

व्हीलसेट म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांची जोडी, आणि ५० एमएम म्हणजे त्यांच्या रिमची उंची. आधी ही उंची म्हणजे काय ते बघू. टायर जिथे बसतो त्या कडेपासून स्पोक जिथे रिममध्ये शिरतात तिथपर्यंतचं अंतर, ती रिमची डेप्थ. कंपनीतून सायकलबरोबर येणारी ॲल्युमिनियमची चाकं साधारण २० ते ३० एमएमची असतात, ती झाली साधी किंवा शॅलो. ३५ ते ४५ मधली. ५० आणि त्याच्या पुढे आपण डीप म्हणतो, आणि ८० वगैरे आकडे सहसा ट्रायथलॉन (पोहणं, सायकल, धावणं सलग) आणि टाइम ट्रायलवालेच (एकट्याने घड्याळाविरुद्ध) वापरतात. मागचं चाक पूर्ण बंद, थाळीसारखं, ते डिस्क व्हील. १९८४ साली इटलीच्या फ्रान्चेस्को मोझरने मेक्सिको सिटीमध्ये तासाभरात ५१.१५१ किलोमीटर मारले ते असल्याच चाकांवर, आणि चाकाच्या आकारानेही वेग वाढतो हे तेव्हा सगळ्या जगाला दिसलं.

आता उंच रिमने फरक का पडतो? मासा डोळ्यासमोर आणा. तोंडाकडे गोलसर जाड आणि शेपटीकडे निमुळता होत जाणारा. पाणी त्याच्या अंगावरून घसरत जातं आणि शेपटीपाशी परत एकत्र येतं, मागे भोवरे फारसे उरत नाहीत. टायर हे माशाचं तोंड समजा. साध्या रिममध्ये तोंडामागे अंगच नाही, हवा टायरवरून सुटली की लगेच विस्कटते आणि ती विस्कटलेली हवा चाकाला मागे खेचत राहते. रिम उंच केली की माशाला अंग मिळतं. शिवाय उंच रिममध्ये स्पोक आखूड होतात, म्हणजे हवा घुसळणाऱ्या तारा कमी, आणि चाकाचा वरचा भाग रस्त्याच्या हिशोबाने सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो त्यामुळे तिथली प्रत्येक तार महाग पडते.

इथे एक गंमत आहे जी फारसं कुणी सांगत नाही. चाकाच्या पुढच्या अर्ध्या भागात टायर पुढे आणि रिम मागे असते, पण तीच रिम मागच्या अर्ध्यात हवेला आधी भेटते आणि टायर तिच्या मागे येतो! म्हणजे शेपटी अगदी टोकदार ठेवली तर मागच्या अर्ध्यात तीच टोकदार धार वाऱ्यासमोर येते. म्हणून जुन्या व्ही आकाराच्या रिम मागे पडल्या आणि आता सगळे पोट फुगलेल्या, यू आकाराच्या रिम बनवतात. सेकंडहँड घेताना हे नक्की बघा, रिम हातात धरून आतली कड चाचपा. कड धारदार आणि अंग सपाट असेल तर ते जुनं डिझाइन आहे, आणि आडव्या वाऱ्यात ते जास्त त्रास देतं. त्याबद्दल पुढे सविस्तर.

आता आकडे. समजा तुम्ही आणि सायकल मिळून ८५ किलो, हात हूडवर (ब्रेकच्या दांड्यांवरच्या रबरी पकडीवर), रस्ता सपाट, वारा पडलेला. फक्त हवा कापायला ताशी २० किमीला साधारण ३० वॉट लागतात, ३० किमीला शंभराच्या थोडं वर आणि ४० ला अडीचशेच्या आसपास. वेग दुप्पट झाला की ताकद आठपट लागते, सगळा खेळ इथेच आहे. आणि या विरोधातला मोठा वाटा तुमच्या अंगाचा असतो, चाकांचा वाटा छोटा. साध्या चाकांवरून चांगल्या ५० एमएमवर गेलात तर ताशी ४० ला ढोबळमानाने १० वॉट वाचतील असं धरा. तेच ३० ला चारच वॉट. चार वॉट म्हणजे काय, तर शंभर किलोमीटरच्या राईडला दोनेक मिनिटं.

यावर लगेच कुणीतरी म्हणतं, मग हळू चालवणाऱ्याला डीप चाकांचा उपयोगच नाही. हे तितकंसं खरं नाही बरं का. ताशी २५ ने चालवणाऱ्याचे वॉट अजून कमी वाचतात, अडीचच्या आसपास, पण त्याला एकूण वॉटही कमीच लागतात आणि तो रस्त्यावर जास्त वेळ असतो, त्यामुळे टक्केवारीत फायदा जवळपास तेवढाच राहतो आणि मिनिटांत मोजलं तर किंचित जास्तच भरतो. म्हणजे २०० किमीची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब राईड, करणाऱ्याने स्वतःला "मी कुठला रेसर" म्हणून यातून बाद करायची गरज नाही. फक्त कुणाच्या मागे चिकटून ड्राफ्टमध्ये चालवत असाल तर हवेचा विरोध आधीच तीसेक टक्क्यांनी कमी झालेला असतो, तिथे चाकांचा फायदाही तेवढाच आटतो.

वजनाचं काय? आपल्याकडे सगळ्यात जास्त चर्चा याचीच होते आणि सगळ्यात कमी महत्त्वाचं हेच आहे असं माझं अगदी ठाम मत आहे. हिशोब करूनच बघा. सिंहगडाला पायथ्यापासून वरच्या गाडीतळापर्यंत समजा ६०० मीटर उंची चढायची. डीप चाकं ३०० ग्रॅमने जड आहेत आणि तुम्ही २०० वॉटने चढताय. ३०० ग्रॅम ६०० मीटर वर न्यायला साधारण १,७५० ज्यूल लागतात, भागिले २०० वॉट, म्हणजे नऊ सेकंद! पाऊण-एक तासाच्या चढात नऊ सेकंद. पायथ्याला बाटलीतलं थोडं पाणी कमी केलंत तर तेवढा फरक भरून निघतो, आणि वर जाऊन गडावर मडक्यातलं दही मिळतंच. "पण फिरणारं वजन डबल मोजतात ना?" हो, पण ते वेग वाढवताना. एका वेगाने चढत असाल तर रिममधला ग्रॅम आणि खिशातला ग्रॅम सारखाच. आणि वेग वाढवतानाही, ३०० ग्रॅम रिमला ताशी ३६ पर्यंत आणायला जास्तीचे ३० ज्यूल लागतात, तर तुम्हाला आणि सायकलला मिळून सव्वाचार हजार. चढावर हलकं चाक चटकन पळाल्यासारखं वाटतं ते मलाही वाटतं, पण घड्याळात ते दिसत नाही.

शिवाय आज बाजारात जे ५० एमएमचे कार्बन व्हीलसेट आहेत ते १४०० ते १६०० ग्रॅमचे असतात आणि सायकलबरोबर आलेली ॲल्युमिनियमची साधी चाकं कित्येकदा १८०० ते २००० ग्रॅमची. म्हणजे डीप घेतल्यावर तुमची सायकल हलकीच होईल. जड असतात ती ॲल्युमिनियमची डीप चाकं, ती फक्त दिसण्यासाठी घेऊ नका.

तर खरा प्रश्न वाऱ्याचा आहे, आणि तोही पुढच्या चाकाचा.

सज्जनगडाच्या पुढे ठोसेघर ओलांडून वर चाळकेवाडीच्या पठारावर गेलात की दोन्ही बाजूंना पवनचक्क्या लागतात. ज्यांनी त्या तिथे लावल्या त्यांनी आपल्यासाठी फुकट सर्व्हे करून ठेवलाय, इथे वारा आहे म्हणून. जून ते सप्टेंबर तर विचारूच नका, वर्षातली सगळ्यात जास्त वीज त्या तेव्हाच देतात. मी पहिल्यांदा ५० एमएम लावून तिथे गेलो तो जूनचा पहिला आठवडा होता, पाऊस नव्हता, आभाळ भरलेलं. चढ संपला, पठार लागलं, झाडं गेली, आणि डावीकडून असा झोत आला की हँडल माझ्या हातात असून माझं राहिलं नाही. सायकल डांबराच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीपर्यंत सरकली. वारा सतत असता तर माणूस अंग झुकवून चालवतो, शरीर ते शिकून घेतं. पण तिथे एक टेकाड आडवं आलं की वारा एकदम बंद, झुकलेले तुम्ही एकदम वाऱ्याच्या बाजूला कलता, आणि टेकाड संपलं की परत दणका. तो चारेक किलोमीटरचा पट्टा मी ड्रॉप्स, म्हणजे हँडलचा खालचा वाकडा भाग, घट्ट धरून ताशी १८ ने काढला, खांदे इतके आखडले की दुसऱ्या दिवशी मान वळत नव्हती. ५० एमएमने वाचवलेले सगळे वॉट तिथे गेले.

असं का होतं ते समजून घ्या म्हणजे निवड सोपी जाते. रिमची उंची दुप्पट झाली की आडव्या वाऱ्याला लागणारं रिमचं क्षेत्रफळही जवळपास दुप्पट होतं. मागच्या चाकावर हा धक्का बसला तर अख्खी सायकल थोडी ढकलली जाते, बस. पण पुढचं चाक हँडलला जोडलेलं आहे, आणि वाऱ्याचा जोर चाकाच्या बरोबर मधोमध न पडता पुढच्या बाजूला जास्त पडतो. दाराच्या कडेला बोट लावून दार ढकलल्यासारखं. त्यामुळे वारा डावीकडून आला की चाक उजवीकडे वळू बघतं. यू आकाराच्या रुंद रिममध्ये हा जोर मागे, हँडल ज्या अक्षावर फिरतं त्याच्या जवळ आणायचा प्रयत्न असतो, म्हणून नवीन ५० जुन्या ५० पेक्षा पुष्कळ शांत चालतात. पण क्षेत्रफळ काही कुठे जात नाही. हवाईत कोना इथे आयर्नमन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनची वर्ल्ड चॅम्पियनशिप होते, तिथल्या हायवेवरच्या आडव्या वाऱ्यामुळे डिस्क व्हीलला वर्षानुवर्षं बंदी राहिली आहे, एवढे पट्टीचे लोक असूनही.

आणि वजन इथे खरंच महत्त्वाचं आहे, पण सायकलवाल्याचं. ८० किलोचा माणूस ज्या झोताला दाद देत नाही तोच झोत ५५ किलोच्याला उचलून बाजूला ठेवतो. म्हणूनच त्या पोराला मी "थांब" म्हटलं.

पठारावरच कशाला, आपल्या रोजच्या रस्त्यावरही हे धक्के आहेत. हायवेला कंटेनर शेजारून जातो तेव्हा आधी बाहेर ढकलतो आणि पार झाला की आत ओढतो, दोन सेकंदांत दोन उलटे धक्के. शिरवळ सोडल्यावर उघड्या माळावरचे पट्टे, कुठल्याही खिंडीचं तोंड, पुलाचे कठडे संपतात ती जागा, उंच बिल्डिंगांमधल्या फटी. ताशी ३० ने चालवताना दहाचा वारा अगदी आडवा लागला तरी चाकाला तो समोरून जवळपास १८ अंश तिरका येतो. साधारण दहा-बारा अंशांपर्यंत चांगली डीप रिम शिडासारखी थोडी मदतही करते, त्याच्या पुढे हवा रिमवरून सुटते आणि मदत संपते, उरतो फक्त धक्का.

मग करायचं काय? माझं उत्तर सरळ आहे, पुढे कमी आणि मागे जास्त. पुढे ३५ ते ४०, मागे ५०, हवं तर ६० सुद्धा. मागचं चाक हँडल हलवत नाही त्यामुळे तिथली उंची त्रास देत नाही. वेगवेगळ्या उंचीचं दिसायला कसं वाटेल अशी शंका पुष्कळांना येते, पण भल्याभल्या कंपन्या मुद्दाम असेच सेट बनवतात. पूर्ण ५० चा सेट कुणी घ्यावा? वजन ७० च्या वर, राईड जास्त करून सपाट आणि आडोशाच्या रस्त्यांवर, हँडलवर विश्वास असलेला माणूस, किंवा गोव्याला ७०.३ ला, म्हणजे अर्ध्या आयर्नमनला जाणारा, ज्याला ९० किलोमीटर एकट्याने, ड्राफ्ट न घेता मारायचे आहेत. त्याने जरूर घ्यावा, त्याच्यासाठी तो फायदा खराखुरा आहे. आणि ज्याची सगळी राईड म्हणजे पसरणी, आंबेनळी, वरंध असले घाट, त्याने ३०-३५ घ्यावी, वजनासाठी अजिबात नाही, उतरताना हँडल शांत राहावं म्हणून. ताशी ५५ ने वळण घेताना दरीतून झोत येतो तेव्हा तुम्हाला दोन वॉट आठवत नाहीत.

पैसे खर्च करायच्या आधी मात्र टायरकडे बघा, हे मी अगदी कळकळीने सांगतो. सायकलबरोबर आलेल्या जाड ट्रेनिंग टायरवरून चांगल्या पातळ कॉटनच्या किंवा बारीक विणीच्या टायरवर गेलात तर ताशी ३० ला दोन्ही चाकं मिळून दहा ते पंधरा वॉट सहज वाचू शकतात, डीप रिमच्या तिप्पट! आणि खर्च दहा-बारा हजार, चाकांसाठी चाळीस-पन्नास हजारांपासून लाख-दीड लाखांपर्यंत मोजावे लागतात तिथे. टायर आणि रिमचं नातंही जुळायला लागतं. जॉश पोर्टनर नावाचा एक चाकांचा इंजिनिअर आहे, त्याच्या नावाने १०५ टक्क्यांचा नियम प्रसिद्ध आहे, रिमची बाहेरची रुंदी टायरच्या खऱ्या रुंदीपेक्षा निदान पाच टक्के जास्त हवी. टायर २८ एमएम भरला तर रिम साडेएकोणतीसच्या आसपास. टायरवर काय छापलंय ते बघू नका, हवा भरून व्हर्नियरने मोजा, रुंद रिमवर २८ चा टायर २९-३० भरतो. अरुंद जुन्या डीप रिमवर फुगलेला टायर लावलात तर माशाचं तोंड अंगापेक्षा मोठं होतं आणि ज्यासाठी पैसे मोजले तेच जातं.

ब्रेकबद्दल थोडक्यात. डिस्क ब्रेक असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. रिम ब्रेक (पॅड थेट रिमला घासणारे) असेल आणि पाचगणीहून वाईला पसरणीने उतरायचं असेल तर कार्बनवर ब्रेक धरून धरून उतरू नका, रिम तापते, कार्बन उष्णता पटकन सोडत नाही आणि त्यातला रेझिन, म्हणजे धागे धरून ठेवणारा डिंक, मऊ पडू शकतो. पावसात तर कार्बनवर ब्रेक उशिरा लागतो. पॅड कार्बनचेच हवेत, आणि ॲल्युमिनियमच्या रिमवर घासलेले पॅड परत कार्बनला लावायचे नाहीत, त्यात रुतलेले धातूचे कण रिम ओरबाडतात. रिम ब्रेक आणि घाट हे रोजचं असेल तर मी तरी ॲल्युमिनियमचीच चाकं सुचवेन.

खड्ड्यांचं लोक फार विचारतात. डीप रिम कडक बसते, हाडं मोडते वगैरे जे म्हणतात त्यात दम नाही, दणका झेलतो टायर, रिमच्या उंचीने पडणारा फरक हाताला कळण्याइतका नसतो. फरक आहे तो खड्ड्यात आपटल्यानंतरचा. ॲल्युमिनियमला पोचा पडतो, गावातला जुना मेकॅनिकही ठोकून, आऊट काढून घरी जाण्याइतकं सरळ करून देतो. कार्बनला तडा गेला की ती रिम संपली. आणि रिम हुकलेस (टायर धरणारी आतली वाकडी कड नसलेली) असेल तर हवा ५ बारच्या, म्हणजे साधारण ७३ पीएसआयच्या वर भरायची नाही, टायरही हुकलेसला चालणाराच हवा. आपल्याकडे सवयीने १०० भरणारे पुष्कळ आहेत, त्यांनी घ्यायच्या आधी हे विचारूनच घ्या, टायर सुटला तर उतारावर काय होईल ते सांगायला नको.

आणि आता व्हॉल्व्ह. वाईच्या अलीकडे एकदा मागचं चाक पंक्चर झालं, माझी एक ट्यूब आधीच खंबाटकी घाटाच्या पायथ्याला संपलेली, बरोबरच्या मित्राने लगेच त्याची काढून दिली. ट्यूब बसवली, टायर चढवला, आणि व्हॉल्व्ह बघतो तर रिमच्या भोकातून बाहेरच येत नाही. त्याची चाकं साधी, ट्यूबचा व्हॉल्व्ह ४० एमएमचा, माझी रिम ५० ची. व्हॉल्व्हचं टोक आतच दिसत होतं, पंप लावायला जागाच नाही. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे आपल्या बारीक व्हॉल्व्हची ट्यूब मिळत नाहीच. शेवटी माझीच जुनी ट्यूब बाहेर काढली, भोक शोधलं, त्याच पंक्चरवाल्याने सोल्युशन लावून पॅच मारून दिला, वीस रुपये घेतले, आणि आम्ही निघालो. ५० च्या रिमला ८० एमएमचा व्हॉल्व्ह लागतो, ६० वाला पुरेल न पुरेल असा असतो. ग्रुपमध्ये सगळ्यांची चाकं साधी आणि तुमची एकट्याची डीप असतील तर तुम्हाला कुणाची ट्यूब चालणार नाही हे धरूनच घराबाहेर पडा.

दिसायला आवडतात म्हणून डीप चाकं घेणं चूक आहे का? अजिबात नाही. पहाटे पाचला अंथरुणातून उठवणारी कुठलीही गोष्ट माझ्या लेखी कामाची आहे, आणि ताशी ३५ च्या पुढे ती चाकं जो घुमल्यासारखा आवाज करतात तो एकदा ऐकलात की परत परत ऐकावासा वाटतो. फक्त पुढच्या चाकाची उंची तुमच्या रस्त्यावर, तुमच्या वजनाला, तुमच्याच हाताने तपासून मग ठरवा. दुकानाबाहेरच्या गल्लीत एक चक्कर मारून काही कळत नाही. कुणाचं तरी पुढचं चाक एका रविवारपुरतं मागून घ्या आणि तुमच्याकडे वारा जिथे सगळ्यात वाईट आहे तिथे घेऊन जा.

त्या साताऱ्याच्या पोराने तेच केलं. विकणारा भला माणूस, त्याने दोन दिवस सेट वापरायला दिला. रविवारी हा चाळकेवाडीला जाऊन आला आणि दुपारी फोन केला, म्हणे मागचं मस्त आहे, पुढचं नको. मग पुण्यातल्या ८२ किलोच्या एकाला पुढचं ५० हवंच होतं, त्याच्याकडे त्याच कंपनीचं ३५ पडून होतं, अदलाबदल झाली. आता त्याच्या सायकलला पुढे ३५ आहे, मागे ५०, आणि सॅडल बॅगेत दोन ट्यूब, दोन्ही ८० एमएम व्हॉल्व्हच्या.